फक्त एक परिच्छेद

पानांची शेवटची प्रूफं मंजूर झाली होती. छापखान्याला फाइल कधी द्यायची एवढंच ठरवायचं राहिलं होतं, तेवढ्यात फोन आला. "मॅडम, पान १२ वर फक्त एक परिच्छेद वाढवायचाय. बाकी कशाला हात लावायचा नाही."

मी "हो, करते" म्हटलं.

पुस्तकांची आणि अहवालांची मांडणी हा माझा व्यवसाय. नोकरी नाही. ज्याचं काम त्याच्याशी थेट बोलायचं, काय करायचं आणि किती पैशांत ते ठरवायचं, काम पोचवायचं, बिल पाठवायचं, असं गेली १४ वर्षं चाललंय. हा अहवाल एका संस्थेचा होता, ९६ पानांचा. ठरलं होतं ते असं: मजकूर ते अंतिम करून देणार, मी मांडणी करणार, करेक्शनच्या दोन फेऱ्या, एक मुखपृष्ठ आणि छपाईसाठी तयार फाइल. माझ्या अंदाजाने ६० तासांचं काम.

आता तो एक परिच्छेद. आठ ओळींचा. पान १२ वर आठ ओळी घातल्या की त्या पानाच्या तळाच्या आठ ओळी १३ वर उतरतात. १३ वर तक्ता होता. तो आता पानात मावेना, म्हणून १४ वर गेला. १४ वरच्या छायाचित्राची आणि त्याखालच्या ओळीची ताटातूट झाली. असं पुढे सरकत सरकत प्रकरण जिथे सम पानावर नेमकं संपत होतं, तिथे दोन ओळी उरल्या आणि त्यांच्यासाठी नवं पान लागलं. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं ठरलेलं, म्हणजे त्या नव्या पानामागे एक कोरं पान आलंच. दोन पानं वाढली. अनुक्रमणिकेतले आकडे बदलले, शेवटच्या सूचीतले बदलले, मजकुरात जागोजागी 'पाहा पृष्ठ ४१' असे जे उल्लेख होते ते एकेक शोधून तपासावे लागले. आणि छपाई व्हायची होती १६ पानांच्या फॉर्मांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम १६ पानं. ९६ म्हणजे नेमके सहा फॉर्म. ९८ पानांचा सातवा फॉर्म कुणी करत नाही. एक तर चार पानांची पुरवणी जोडा, नाहीतर ती दोन पानं कुठून तरी वाचवा. मी वाचवली. एका तक्त्याची रचना नव्याने केली, दोन छायाचित्रं थोडी लहान केली, त्या प्रकरणातल्या ओळींमधलं अंतर डोळ्याला कळणार नाही इतकं कमी केलं. दीड दिवस गेला.

मग मी निरोप पाठवला, "झालं. नवी फाइल पाठवलीय." दीड दिवसाबद्दल अवाक्षर नाही. त्यांचं उत्तर आलं, "धन्यवाद मॅडम, तुमच्यासारखं तत्पर कुणी नाही." आणि मला खरंच आनंद झाला. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्या आनंदात आहे.

पुढच्या दोन महिन्यांत मुखपृष्ठाचे आणखी दोन पर्याय झाले. प्रकाशनाच्या कार्यक्रमाचा फलक झाला. अहवालाचा सारांश स्लाइडवर गेला. मोबाइलवर पाठवायला चौकोनी चित्रं झाली, आधी चार, मग अकरा. अध्यक्षांचं मनोगत तीनदा बदललं. प्रत्येक मागणी 'फक्त', 'जाता जाता' किंवा 'तुमच्या हातासरशी होईल' असे शब्द घेऊन यायची. यातला एकही शब्द लबाडीने वापरलेला नव्हता. मागणाऱ्याला ते काम खरोखरच तेवढंसं वाटत होतं. पान १२ वर परिच्छेद घातल्यावर पान ४१ चं काय होतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नव्हतं. दाखवू शकणारी मीच होते, आणि मी "झालं" एवढंच लिहीत होते.

'भीड ही भिकेची बहीण' हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण भीड म्हणजे नुसता संकोच नाही, असं मला आता वाटतं. त्यात भीती असते, की बोललो तर पुढचं काम जाईल. आणि लोभही असतो, पैशाचा नाही, चांगलं म्हणवून घेण्याचा. मला त्या संस्थेत कामसू, गुणी, कधी कटकट न करणारी अशी ओळख हवी होती, आणि त्या ओळखीची किंमत मी रात्री जागून चुकती करत होते. समोरच्याला पत्ताही नव्हता की आपल्याला काहीतरी फुकट मिळतंय. ज्याला आपण घेतोय हेच माहीत नाही, त्याच्या मनात कृतज्ञता कुठून येणार? ती आली नाही म्हणून मी मात्र आतल्या आत धुमसत होते.

शेवटी बिल केलं तेव्हा सगळा राग एका ओळीत ओतला: 'अतिरिक्त काम', आणि पुढे एक ठोक रक्कम. दोन दिवसांनी फोन आला.

"मॅडम, हे अतिरिक्त काम म्हणजे नेमकं कुठलं?"

मी सांगायला लागले. परिच्छेद, फलक, स्लाइड, चित्रं, मनोगत. आवाज चढत गेला. ते मधे एकदाही बोलले नाहीत. माझं संपल्यावर थोडा वेळ शांतता, आणि मग अगदी हळू आवाजात, "पण हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात? मला वाटलं हे त्यातच धरलंय. दुसऱ्या महिन्यात सांगितलं असतंत तर मी समितीपुढे ठेवलं असतं, मंजूर करून घेतलं असतं. आता तो खर्च बंद झाला. आता मी कुणाकडे मागू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते खरं बोलत होते. काम सांगणारा माणूस पुष्कळदा पैशांचा मालक नसतो. त्यालाही वर कुणाला तरी विचारावं लागतं, आणि काम होण्याआधी विचारणं त्याला जितकं सोपं असतं तितकंच काम होऊन गेल्यावर अवघड. काम आधीच करून टाकून मी त्याच्या हातातली मंजुरी मागण्याची संधीच काढून घेतली होती. ठरलेली रक्कम मिळाली, अतिरिक्त कामाची ओळ खोडली गेली, आणि पुढच्या वर्षीचा अहवाल माझ्याकडे आला नाही. त्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला याचं मला वाईट वाटलं, पण तो फोन झाल्यावर पुन्हा माझ्याकडे यायचं त्यांना अवघड वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

मी रोज वहीत तासांची नोंद ठेवते. त्या कामाचे सगळे मिळून १०४ तास भरले होते. ६० च्या वरचे ४४ तास त्यांनी माझ्याकडून काढून घेतले, असं मी चारचौघांत सांगत फिरत होते. महिनाभराने वही घेऊन बसले आणि एकेका नोंदीपुढे पेन्सिलीने खूण करत गेले. फलक, स्लाइड, चित्रं, जादा मुखपृष्ठं, तिसरं मनोगत हे उघड उघड नवं काम होतं. ते भरलं २० तासांच्या आसपास. नऊएक तास असे निघाले की ते ठरलेल्यात होते की नव्हते हे मलाच सांगता येईना. 'करेक्शनच्या दोन फेऱ्या' असं आम्ही लिहिलं होतं खरं, पण मंजूर प्रूफांनंतर आलेला नवा परिच्छेद हे करेक्शन की नवा मजकूर? आम्ही दोघांनीही ते लिहिलं नव्हतं. आणि उरलेले १५ तास निव्वळ माझे होते. तक्त्यांना किती वेळ लागेल याचा माझा अंदाजच चुकला होता. त्या १५ तासांचा रागही मी त्यांच्याच नावावर मांडत होते.

असे अंदाज चुकण्याला मानसशास्त्रात नाव आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ते दिलं. मराठीत त्याला नियोजनाचा भ्रम म्हणता येईल. पुढे १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. उत्तरांची सरासरी आली ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५. त्या विद्यार्थ्यांकडे कुणी येऊन 'जाता जाता एवढं करा' म्हणालं नव्हतं. त्यामुळे आता काम फुगलं की मी आधी वहीच उघडते. माझा अंदाज चुकला असेल तर ते तास मी सोसायचे. ठरवलेल्या रकमेचा अर्थच तो. अंदाज माझा, तर जोखीमही माझी. या गोष्टीत स्वतःशी खरं राहिलं की नव्या कामाचे पैसे मागताना आवाज कापत नाही, हा माझा अनुभव.

त्याच सुमारास आणखी एका प्रयोगाबद्दल वाचलं. जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांचा, १९६६ सालचा. कॅलिफोर्नियात ते घरोघरी गेले आणि 'सुरक्षित गाडी चालवा' अशा अर्थाची जेमतेम तीन इंचांची पाटी लावायची विनंती केली. एवढीशी पाटी, बहुतेकांनी हो म्हटलं. दोन आठवड्यांनी दुसरा माणूस त्याच घरांत गेला आणि अंगणात भलामोठा, वेड्यावाकड्या अक्षरांचा फलक उभारू द्याल का, असं विचारलं. ज्यांना आधी काहीच विचारलं नव्हतं अशा घरांपैकी जेमतेम १७ टक्के तयार झाली. छोटी पाटी लावलेल्यांपैकी ७६ टक्के. चंचुप्रवेश आणि मग मुसळप्रवेश असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. पण मला त्यातलं वेगळंच काही लागलं. त्या लोकांवर दुसऱ्यांदा कुणी दबाव आणला नव्हता. संशोधकांचा अंदाज असा, की पहिल्या होकाराने त्यांची स्वतःबद्दलची समजूत बदलली असावी: आपण अशा कामांना हो म्हणणारी माणसं आहोत. पहिल्या परिच्छेदाला मी ज्या सहजतेने "हो, करते" म्हटलं, त्याच वेळी अकराव्या चित्रालाही हो म्हणून बसले होते.

ठरलेलं काम कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हा प्रश्न न्यायालयांपुढे फार जुना आहे. १८०९ मध्ये लंडनच्या न्यायालयात स्टिल्क नावाच्या खलाशाचा दावा आला. लंडनहून बाल्टिक समुद्रात गेलेल्या जहाजावरचे दोन खलाशी वाटेतल्या बंदरात पळून गेले. बदली माणसं मिळेनात, तेव्हा कप्तानाने उरलेल्यांना सांगितलं, जहाज परत न्या, त्या दोघांचा पगार तुमच्यात वाटून देतो. त्यांनी जहाज परत आणलं. कप्तानाने पैसे दिले नाहीत, आणि न्यायालयानेही खलाशाच्या विरुद्ध निकाल दिला. कारण असं, की प्रवासात जी काही अडचण येईल तीत लागेल ते सगळं करायचं त्यांनी आधीच कबूल केलं होतं. दोन माणसं कमी होणं ही तसलीच एक अडचण. १८५७ मध्ये हार्टली नावाच्या खलाशाचा जवळजवळ तसाच दावा आला, पण तिथे ३६ जणांपैकी १७ जण जहाज सोडून गेले होते. एवढ्या थोड्या माणसांनिशी समुद्रात जाणं जिवावरचं होतं, तेव्हा जुन्या कराराने ते बांधलेले उरले नाहीत आणि कप्तानाचा नवा शब्द हा नवा करार ठरला. हार्टलीला पैसे मिळाले.

दोन आणि सतरा यांच्यामध्ये रेघ नेमकी कुठे? हे दोन्ही निकाल मी पुष्कळदा मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिलेत. स्टिल्कबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. कमी माणसांनिशी जहाज घरी आणणं हे काय कमी काम होतं? पण 'लागेल ते सगळं' एवढ्या रुंद शब्दांत एकदा होकार दिला की पुढचं सगळं त्यात बुडून जातं. आपल्या कामात हेच शब्द 'संपूर्ण मांडणी', 'सर्व आवश्यक बदल', 'समाधान होईपर्यंत' असे येतात. कागदावर दिसायला निरुपद्रवी. असं वाक्य दिसलं की मी आता थांबते आणि आकडा घालते: किती पानं, किती फेऱ्या, किती पर्याय, मजकूर कुठल्या तारखेनंतर बदलला तर तो नवा धरायचा. आकड्याशी वाद घालता येतो, निदान तो कशावर घालायचा हे तरी कळतं.

मोठी बांधकामं करणारे लोक यात आपल्या फार पुढे आहेत. सल्लागार अभियंत्यांचा फिडिक हा आंतरराष्ट्रीय महासंघ १९१३ पासून आहे, आणि त्याचे कराराचे नमुने जगभर वापरले जातात. १९९९ च्या नमुन्यात दोन गोष्टी आहेत ज्या मला कुणीतरी विशीतच सांगायला हव्या होत्या. एक, मालकाच्या वतीने कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याने सांगितल्याशिवाय किंवा मंजूर केल्याशिवाय कंत्राटदाराने कामात बदल करायचाच नाही, मग तो बदल कितीही चांगला असो. दुसरी, जादा पैसे किंवा जादा मुदत हवी असेल तर कारण कळल्यापासून २८ दिवसांच्या आत तशी सूचना द्यायची. नाही दिली तर हक्क गेला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे अठ्ठावीस दिवस मला निष्ठुर वाटले. मग तो फोन आठवला. "दुसऱ्या महिन्यात सांगितलं असतंत तर." ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याला वेळेत कळलं तर तो काहीतरी ठरवू शकतो: बदल मागे घेईल, दुसरीकडचा खर्च कमी करेल, वरून मंजुरी आणेल. उशिरा कळलं तर त्याच्या हातात चिडण्याखेरीज काही उरत नाही.

माझं काम पूल बांधण्याचं नाही आणि माझ्याकडे २८ दिवस नसतात. मी त्याच दिवशी बोलते. काय बोलायचं हे मी आधी वहीत लिहून काढलं होतं, कारण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही हे मला ठाऊक होतं. "हो, करता येईल. हे आपल्या ठरलेल्यात नव्हतं, तर किती वेळ आणि किती पैसे लागतील ते मी आज संध्याकाळपर्यंत लिहून पाठवते. तुमचं 'चालेल' आलं की सुरू करते." पहिल्यांदा हे म्हणाले तेव्हा हात थरथरत होता. पलीकडून उत्तर आलं, "बरं, पाठवा." इतकंच. नंतर पाहिलं की निम्म्या वेळा आकडा गेल्यावर माणसं म्हणतात, "मग राहू दे, तेवढं गरजेचं नाहीये." म्हणजे इतकी वर्षं मी जी कामं रात्री जागून करत होते, त्यातली कितीतरी मागणाऱ्यालाही खरी नको होती. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

काही कामं मी अजूनही पैसे न घेता करते, आणि आनंदाने करते. दोन शब्दांची चूक, एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचं घाईचं पत्रक. पण तेही बिलात लिहिते: कामाचं नाव, त्याची नेहमीची रक्कम, खाली तेवढीच सूट, आणि पुढे शून्य. आधी हे हिशेबीपणाचं वाटायचं. आता वाटतं, भेट द्यायची तर ती समोरच्याच्या हातात द्यावी. त्याच्या नकळत खिशात टाकायची आणि मग तो आभार मानत नाही म्हणून मनात कुढायचं, हे मी पुष्कळ करून पाहिलंय.

हे सगळं सगळ्यांना जमेल असं मात्र मी म्हणणार नाही. हातात एकच गिऱ्हाईक असेल, महिन्याचा खर्च त्याच्यावर चालत असेल, तर "तुमचं 'चालेल' आलं की सुरू करते" हे वाक्य घशाशी अडकतं. मी स्वतः त्या दिवसांतून गेलेय. तेव्हा एवढंच करता येतं, की काम करावं पण लिहून कळवावं: हे ठरल्यापेक्षा जास्तीचं आहे, या वेळी करून देते. पुढच्या वेळी बोलायला त्या एका ओळीचा आधार होतो.

आणि एक गोष्ट, जी लिहायची मी टाळत होते. माझ्या पुस्तकांची प्रूफं एक मुलगी तपासते. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, नजर अतिशय बारीक. पानामागे तिचे पैसे ठरलेले. मागच्या पावसाळ्यात एका पुस्तकाची घाई होती तेव्हा मी तिला निरोप पाठवला, "जाता जाता सूचीतले पृष्ठांकही बघशील का? फक्त वरवर." ३१२ पानांच्या पुस्तकाची सूची. दुसऱ्या दिवशी तपासून आली, ४७ चुका काढलेल्या, प्रत्येकीपुढे बरोबर आकडा. निरोपाची वेळ पाहिली: रात्रीचे २ वाजून ४० मिनिटं. खाली लिहिलं होतं, "झालं ताई."

मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. मग तिला फोन केला आणि विचारलं, किती तास लागले. आधी म्हणाली, "काही नाही ताई, झालं पटकन." पुन्हा विचारलं. सहा. त्या सहा तासांचे पैसे मी तिला त्याच दिवशी पाठवले, आणि पुढच्या वेळी मी असं काही मागितलं तर काय म्हणायचं तेही सांगितलं. वहीत लिहून ठेवलेलं माझं वाक्य तिला शब्दशः वाचून दाखवलं. ती हसली, "तुम्हाला असं कसं म्हणू?" म्हणाली.

परवा एक नवं पुस्तक तिच्याकडे गेलं. दुपारी मी सहज लिहिलं, की तळटिपांचे क्रमही एकदा बघ. तासाभराने तिचं उत्तर आलं: "ताई, तळटिपा आपल्या ठरलेल्यात नव्हत्या. साधारण चार तास लागतील. चालेल का?"

क्षणभर मला ते टोचलं, खोटं कशाला बोलू. मग मी लिहिलं, "चालेल."

तिने काम सुरू केलं.